पदवीआधीचं पहिलं पुस्तक

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात रीड नावाचं एक लहान कॉलेज आहे. १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत तिथल्या तीन मित्रांनी पदवीसाठी आपापले प्रबंध सादर केले. तिघांनाही कवितेचं वेड होतं आणि काही काळ तिघं एकाच भाड्याच्या घरात राहत होते. लू वेल्चने गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेच्या गद्यावर लिहिलं. फिलिप व्हेलन दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता आणि माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर शिकायला आला होता. समीक्षेच्या वाटेला न जाता त्याने 'द कॅलेंडर' या नावाने स्वतःच्या कवितांचा संग्रहच प्रबंध म्हणून दिला. तिघांत सर्वांत लहान होता गॅरी स्नायडर. त्याने निवडली एक लोककथा.

ही कथा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहणाऱ्या हायडा लोकांची. मानववंशशास्त्रज्ञ जॉन स्वॉन्टन यांनी ती एका हायडा कथेकऱ्याच्या तोंडून उतरवून घेतली आणि १९०५ साली छापली. एक तरुण पक्ष्यांच्या शिकारीला जातो. तळ्यात न्हाणाऱ्या दोन मुली त्याला दिसतात आणि काठावर त्यांची रानहंसाची कातडी पडलेली असतात. तो ती ताब्यात घेतो, एकीशी लग्न करतो. पुढे ती रुसून उडून जाते आणि तो तिच्या मागावर थेट आभाळात पोचतो. शतपथ ब्राह्मणातली उर्वशी-पुरूरव्याची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल; तिथेही अप्सरा तळ्यात पाणपक्ष्यांच्या रूपाने पोहत असतात. स्नायडरने ही एकच कथा धरून ठेवली. ती सांगणारा समाज कसा जगत होता, तिची भावंडं जगात कुठे कुठे सापडतात, साहित्य म्हणून ती कशी उभी राहते, सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती काय काम करते, अशा एकेका बाजूने त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याची पदवी मानववंशशास्त्र आणि साहित्य अशी दोन्ही विषयांची होती, त्यामुळे कथेला दोन्हीकडून हात घालता आला. हा प्रबंध पुस्तकरूपाने निघायला १९७९ साल उजाडलं. तोवर स्नायडरला कवितेचं पुलित्झर पारितोषिक मिळूनही चार वर्षं झाली होती.

एक समीक्षा, एक कवितासंग्रह आणि एक लोककथेचा अभ्यास. तीन जातींचं हे लेखन कॉलेजने एकाच नियमाखाली स्वीकारलं आणि सारख्याच बांधणीत ग्रंथालयात ठेवलं. नोव्हेंबर १९५० मध्ये कवी विल्यम कार्लोस विल्यम्स कॉलेजात आले, तेव्हा ते या तिघांना भेटले आणि स्टाइनवरचं काम त्यांना इतकं आवडलं की वेल्चला त्यांनी ते छापण्याचा आग्रह केला. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीत ॲलन गिन्सबर्गने 'हाउल' ही आपली कविता पहिल्यांदा वाचली, त्या रात्री त्याच मंचावरून स्नायडर आणि व्हेलन यांनीही कविता वाचल्या. अमेरिकन कवितेतल्या एका मोठ्या उलथापालथीच्या मुळाशी, काही अंशी तरी, पदवीच्या वर्षात कुणीतरी गंभीरपणे वाचलेले हे कागद होते.

रीडमध्ये प्रबंध हा निवडक हुशार मुलांचा मान कधीच नव्हता. पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला तो लिहावा लागतो आणि ही प्रथा पहिल्या तुकडीपासूनची आहे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पात्रता परीक्षा होते. चौथ्या वर्षी विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक मिळतो आणि दोन्ही सत्रांत त्याच्यासमोर नियमाने बसून कामाचा हिशेब द्यावा लागतो. शेवटी तोंडी परीक्षा होते. त्या मंडळात विभागाबाहेरचाही शिक्षक असतो, म्हणजे शेक्सपिअरवर लिहिलेलं एखाद्या शास्त्राच्या प्राध्यापकालाही पटवून सांगावं लागतं. बांधलेली प्रत ग्रंथालयाच्या मनोऱ्यात जाते. तिथे अशा प्रती वर्षानुवर्षं रांगेने उभ्या आहेत आणि पुढच्या मुलांना त्या काढून वाचता येतात. प्रबंध दिल्याच्या दिवशी मुलं ग्रंथालयापासून कुलसचिवांच्या कार्यालयापर्यंत वाजतगाजत मिरवणूक काढतात. व्हेलनच्या पिढीवर आणखी एक संस्कार झाला. लॉइड रेनल्ड्स हे साहित्याचे प्राध्यापक मुलांना सुलेखन शिकवायचे आणि अक्षर वळवता वळवता ओळ ऐकायलाही शिकवायचे. व्हेलनच्या हस्ताक्षरातल्या कवितांवर ती छाप शेवटपर्यंत राहिली. पुढे स्टीव्ह जॉब्ज ज्या सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसला, तो वर्ग रेनल्ड्स यांनीच सुरू केलेला.

हे सगळं एका दिवसात उगवलेलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कॉलेजांत इंग्रजी साहित्याला स्वतंत्र विषय म्हणून फारसं स्थानच नव्हतं. लॅटिन-ग्रीकचे उतारे पाठ करायचे आणि वर्गात म्हणून दाखवायचे, हा दिनक्रम होता. हार्वर्डला फ्रान्सिस जेम्स चाइल्ड हे थोर विद्वान वक्तृत्वाचे प्राध्यापक होते. त्यांची जवळपास पंचवीस वर्षं मुलांचे निबंध तपासण्यात गेली. १८७६ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघालं आणि त्यांनी चाइल्ड यांना बोलावणं धाडलं. त्यांना सोडायचं नाही म्हणून हार्वर्डने इंग्रजीचं पहिलं प्राध्यापकपद निर्माण केलं आणि निबंधांच्या गठ्ठ्यांतून त्यांची सुटका केली. मोकळ्या झालेल्या वेळात चाइल्ड यांनी इंग्लंड-स्कॉटलंडच्या ३०५ लोकगाथांचा तो प्रचंड संग्रह सिद्ध केला, जो आजही जगभर वापरला जातो. जॉन्स हॉपकिन्सने जर्मन विद्यापीठांतली सेमिनारची पद्धत आणली. एका टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने मूळ कागदपत्रं चाळून काही नवं आणायचं आणि ते सगळ्यांपुढे तपासून घ्यायचं. पण ही चैन पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरती होती. बी.ए.च्या मुलाने नवं काही शोधावं, अशी अपेक्षा कुणाची नव्हती.

ती अपेक्षा धरणाऱ्यांत पहिल्या फळीचं नाव विल्यम ट्रूफंट फॉस्टर यांचं. ते मूळचे इंग्रजीचे आणि वादविवादकलेचे शिक्षक. तिशी नुकतीच ओलांडली होती, तेव्हा त्यांना नव्या रीड कॉलेजचं अध्यक्षपद मिळालं. १९११ मध्ये वर्ग सुरू झाले. आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा नकोत, विद्यार्थ्यांचे प्रतिष्ठित क्लब नकोत, गुण नोंदवायचे पण मुलांच्या डोळ्यांसमोर नाचवायचे नाहीत, असे त्यांचे नियम होते. ज्याने वादविवाद शिकवला आहे, त्याला मुलाच्या तोंडून त्याचं स्वतःचं म्हणणं काढून घ्यायची सवय असते. शेवटच्या वर्षाचा प्रबंध हे त्या सवयीचंच मोठं रूप होतं.

१९२२ हे साल या इतिहासात दोनदा येतं.

पहिल्यांदा येतं पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात. तिथले अध्यक्ष फ्रँक एडलॉट हेही इंग्रजी साहित्याचे अभ्यासक होते. एलिझाबेथच्या काळातले भामटे आणि भटके यांच्यावरचं त्यांचं पुस्तक १९१३ मध्ये निघालं होतं. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकताना त्यांनी तिथली ट्यूटर पद्धत जवळून पाहिली होती. स्वार्थमोरला त्यांनी जो ऑनर्स कार्यक्रम आणला, त्याचे पहिले दोन विषय होते इंग्रजी साहित्य आणि समाजशास्त्रं. निवडलेल्या मुलांनी शेवटच्या दोन वर्षांत नेहमीचे तास सोडायचे, आठवड्याला दोन सेमिनारांना बसायचं, तेही बऱ्याचदा शिक्षकाच्या घरी, आणि दर खेपेला स्वतः लिहिलेला निबंध इतरांपुढे ठेवायचा. शेवटची परीक्षा घ्यायला मात्र दुसऱ्या विद्यापीठांतून परीक्षक येणार. या व्यवस्थेतली खरी खुबी या परक्या परीक्षकात आहे. गुण देणारा बाहेरचा असला की शिकवणाऱ्याला न्यायाधीशाची खुर्ची सोडून विद्यार्थ्याच्या बाजूला येऊन बसता येतं. त्या मुलाचं काम चांगलं व्हावं, यात शिक्षकाचीही पत गुंतते.

दुसऱ्यांदा १९२२ येतं मध्य-पश्चिमेत, मक्याच्या शेतांच्या मुलखात. आयोवा विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाचे अधिष्ठाता कार्ल सीशोर यांनी त्या वर्षी जाहीर केलं की वरच्या पदवीसाठी सर्जनशील कामही प्रबंध म्हणून स्वीकारलं जाईल. म्हणजे संगीतरचना, चित्र, कविता, कथा, नाटक. सीशोर स्वतः ना कवी होते ना समीक्षक. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि माणसाची सांगीतिक जाण मोजण्याच्या त्यांच्या चाचण्या प्रसिद्ध होत्या. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाने कवितेला पदवीचं दार उघडावं, ही या कथेतली फार मोलाची गोष्ट आहे. निर्मिती ही वाऱ्यावरून येणारी लहर नसून शिस्तीने करायचं काम आहे, ती तपासता येते आणि तिच्यासाठी माणूस घडवता येतो, हे त्यांना कळलं होतं.

आयोवात जमीन तयार होती. १८९७ सालीच तिथे पद्यरचनेचा एक वर्ग भरला होता. हार्वर्डलाही बॅरेट वेंडेल मुलांकडून रोज एक लहानसा मजकूर लिहून घ्यायचे आणि जॉर्ज पिअर्स बेकर यांच्या नाट्यलेखनाच्या वर्गात १९१४ साली युजीन ओनील येऊन बसला होता. पण हे सगळे एकेक विषयाचे तास होते; त्यांच्या जोरावर पदवी मिळत नव्हती. आयोवाने ती दिली. १९३० मध्ये नॉर्मन फोर्स्टर तिथल्या साहित्यविभागाचे प्रमुख म्हणून आले. लेखकाने समीक्षा शिकावी आणि समीक्षकाने लिहून पाहावं, एकाच छपराखाली, असा त्यांचा आग्रह होता. पॉल एंगल या विद्यार्थ्याचा 'वॉर्न अर्थ' हा कवितासंग्रह एम.ए.चा प्रबंध म्हणून मंजूर झाला आणि १९३२ साली येल विद्यापीठाच्या तरुण कवींच्या मालेत छापूनही आला. १९३६ मध्ये विल्बर श्रॅम यांनी रायटर्स वर्कशॉपची रीतसर स्थापना केली आणि पुढे एंगल यांनी ती सुमारे दोन तपं चालवली.

एंगल यांच्या हाताखालून गेलेल्या दोन विद्यार्थिनींकडे जरा थांबून पाहायला हवं.

मार्गारेट वॉकर दक्षिणेतल्या एका धर्मोपदेशकाची मुलगी. वर्णभेदाच्या कायद्यांत वाढलेली. तिचा 'फॉर माय पीपल' हा संग्रह आयोवाचा १९४० सालचा एम.ए. प्रबंध होता. त्यात लांब पल्ल्याच्या, प्रवचनासारख्या चढत जाणाऱ्या कविता आहेत आणि मधल्या भागात लोकगाथांच्या वळणाच्या कथाकविता आहेत. चेटकीण, मजूर, गुंड, सगळे काळ्या लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टींतून आलेले. दोन वर्षांनी, १९४२ मध्ये, त्याच येल मालेतून तो छापला गेला आणि हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. वॉकर इथे थांबली नाही. संसार, चार मुलं आणि मिसिसिपीतल्या कॉलेजातली नोकरी सांभाळत ती विशीपासून एक कादंबरी मनात वागवत होती. तिच्या पणजीची, गुलामीत जन्मून मुक्त झालेल्या बाईची हकिगत तिने आजीच्या तोंडून ऐकली होती. ती खरी ठरवण्यासाठी तिने जुनी दप्तरं धुंडाळली. पन्नाशीला टेकताना ती पुन्हा आयोवाला गेली आणि १९६५ मध्ये हीच कादंबरी पीएच.डी.चा प्रबंध म्हणून सादर केली. 'जुबिली' १९६६ ला प्रसिद्ध झाली. संशोधन कुठे संपतं आणि निर्मिती कुठे सुरू होते, असं या पुस्तकावर बोट ठेवून कुणालाही सांगता येणार नाही.

दुसरी फ्लॅनरी ओकॉनर. १९४५ साली जॉर्जियाहून ती आली होती पत्रकारिता शिकायला. एंगल यांच्या खोलीत जाऊन काही बोलली, पण तिचे दक्षिणी उच्चार त्यांना कळेनात. तेव्हा तिने आपलं म्हणणं कागदावर लिहून दिलं आणि वर्कशॉपमध्ये प्रवेश मिळवला. १९४७ चा तिचा प्रबंध म्हणजे सहा कथांची टंकलिखित प्रत. शीर्षक 'द जिरेनियम'. त्यातली 'द ट्रेन' ही कथा पुन्हा पुन्हा लिहीत ती 'वाइज ब्लड' या कादंबरीच्या सुरुवातीपर्यंत पोचली. कादंबरी १९५२ मध्ये निघाली. शीर्षककथेत गावाकडचा एक म्हातारा न्यूयॉर्कमध्ये मुलीच्या घरी येऊन पडला आहे आणि समोरच्या खिडकीतल्या कुंडीकडे बघत दिवस काढतो आहे. हा म्हातारा ओकॉनरच्या मनातून गेलाच नाही. ल्युपस या आजाराने तिचं शरीर पोखरलं होतं. १९६४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली, त्याआधीच्या शेवटच्या महिन्यांत तिने हीच कथा नव्याने लिहिली. नव्या कथेचं नाव 'जजमेंट डे'. विद्यार्थिदशेतला म्हातारा मुकाट होता. या म्हाताऱ्याने काहीही झालं तरी घरी परत जायचं ठरवलं आहे. लेखिकेचं सबंध लेखनजीवन या दोन खर्ड्यांच्या मधे आहे आणि त्यातला पहिला खर्डा पदवीसाठी लिहिलेला होता.

आयोवातल्या पदव्या एम.ए. आणि त्यापुढच्या. बी.ए.च्या प्रत्येक मुलापर्यंत ही गोष्ट नेण्याचं मोठं काम आणखी एका साहित्याच्या प्राध्यापकाने केलं. हॉवर्ड लॉरी मूळ ओहायोचे, तिथल्याच वूस्टर कॉलेजचे विद्यार्थी आणि मॅथ्यू अर्नोल्डचे नाणावलेले अभ्यासक. अर्नोल्डने कवी क्लफला लिहिलेली पत्रं त्यांनी १९३२ मध्ये संपादित केली होती. मधल्या काळात ते प्रिन्स्टनला शिकवत होते. तिथे १९२० च्या दशकातच शेवटच्या दोन वर्षांतले तास कमी करून स्वतंत्र कामाला जागा करून दिली होती आणि त्यातून सगळ्यांसाठीचा प्रबंध उभा राहिला. १९४४ मध्ये लॉरी वूस्टरचे अध्यक्ष झाले आणि १९४८ च्या सुमारास त्यांनी 'इंडिपेंडंट स्टडी' ही योजना लागू केली. हुशार, मध्यम, ढ, कुणालाही सूट नाही. हा निर्णय धाडसाचा होता, कारण त्या वेळी शहाण्या लोकांचं मत असं होतं की स्वतंत्र काम वरच्या दहा टक्क्यांनाच झेपतं. लॉरींचा विश्वास वेगळा होता. सामान्य गुणांचं मूलही आपल्या आवडीच्या एका प्रश्नावर वर्षभर बसलं तर असामान्य काम करू शकतं, आणि ही संधी त्याला आयुष्यात एकदाच मिळण्याचा संभव असतो.

वूस्टरच्या ग्रंथालयात शेवटच्या वर्षाच्या मुलांना आपापले अभ्यासाचे कोनाडे मिळतात. पुस्तकांची चळत, टाचणांचे कागद, भिंतीला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, सगळं महिनोन् महिने तिथेच. इंग्रजी विभागात कुणी समीक्षा लिहितं, कुणी कथा किंवा कविता लिहून तिला प्रस्तावना जोडतं. त्या प्रस्तावनेत आपण कुणाकडून काय घेतलं आणि अमुक रूपच का निवडलं, ते सांगावं लागतं. वसंताच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी प्रती द्यायच्या असतात. प्रत दिली की कार्यालयात हातावर एक टूट्सी रोल ठेवतात. ही चिवट चॉकलेटी गोळी १९७० च्या दशकापासून तिथल्या मुलांसाठी पदवीच्या कागदाइतकीच प्रिय झाली आहे. संध्याकाळी बॅगपाइपच्या सुरावर मिरवणूक निघते.

अशा प्रथा हळूहळू अनेक चांगल्या कॉलेजांत रुजल्या आणि त्यांनी मागे ठेवलेले कागद आज साहित्याच्या अभ्यासकांना खजिन्यासारखे वाटतात. जॉन ॲशबेरीने १९४९ मध्ये हार्वर्डला डब्ल्यू. एच. ऑडनवर लिहिलं. जॉन अपडाइकने १९५४ मध्ये तिथेच रॉबर्ट हेरिकवर. १९५५ साली कॉर्नेलला क्लोई वॉफर्ड या मुलीने व्हर्जिनिया वूल्फ आणि विल्यम फॉक्नर यांच्या एकाकी, तुटलेल्या पात्रांवर एम.ए.चा प्रबंध दिला. ही मुलगी म्हणजे पुढची टोनी मॉरिसन. डेव्हिड फॉस्टर वॉलेसने ॲमहर्स्टला १९८५ मध्ये दोन प्रबंध दिले, एक तत्त्वज्ञानात आणि एक इंग्रजीत. इंग्रजीतला प्रबंध ही कादंबरी होती आणि 'द ब्रूम ऑफ द सिस्टिम' या नावाने ती दोनच वर्षांत बाजारात आली.

यांत सर्वांत जवळून पाहण्याजोगं उदाहरण सिल्व्हिया प्लाथचं आहे, कारण तिने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. स्मिथ कॉलेजात तिने आधी जेम्स जॉइस घ्यायचं ठरवलं होतं. १९५३ च्या उन्हाळ्यात जॉइसचं पुस्तक समोर धरून ती बसायची आणि अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे सरकेनात. त्याच उन्हाळ्यात ती कोसळली आणि तिला बरेच महिने रुग्णालयात काढावे लागले. हा सगळा काळ पुढे तिच्या 'द बेल जार' या कादंबरीत आला. परत आल्यावर तिने जॉइस सोडला आणि जॉर्ज गिबियन या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली दोस्तोयेव्स्की घेतला. 'द मॅजिक मिरर' हा तिचा १९५५ चा प्रबंध 'द डबल'मधला गोल्याद्किन आणि 'ब्रदर्स करामाझोव्ह'मधला इव्हान यांच्यावर आहे. स्वतःचंच दुसरं रूप समोर उभं राहतं आणि माणसाला गिळू पाहतं, हा विषय तिने का निवडला असेल, हे तिच्या नंतरच्या कविता वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. प्रबंधाची भाषा मात्र अत्यंत संयत आहे. स्वतःच्या जखमेपासून हातभर दूर उभं राहून तिच्याकडे नीट पाहायला त्या अभ्यासाने तिला शिकवलं. तिथून ती फुलब्राइट शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेली. तिथल्या इंग्रजी ट्रायपॉस परीक्षेत स्वतःची रचना सादर करायची मुभा होती. १९५७ मध्ये तिने 'टू लव्हर्स अँड अ बीचकोंबर' या नावाने कवितांचं हस्तलिखित परीक्षकांना दिलं. तिच्या मृत्यूनंतर ती प्रत विद्यापीठाच्याच इंग्रजी ग्रंथालयात सापडली.

या परंपरेचा एक धागा मराठीपर्यंत येतो. दिलीप चित्रे मुंबईच्या रुइया महाविद्यालयातून इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झाले. त्याच काळात ते अरुण कोलटकरांसारख्या मित्रांबरोबर 'शब्द' हे अनियतकालिक चालवत होते, मर्ढेकरांनंतरची मराठी कविता नव्याने घडवत होते. पण मुंबई विद्यापीठाच्या दृष्टीने हे सगळं अभ्यासक्रमाबाहेरचं होतं. त्यांच्या पदवीत या कामाला एका गुणाचीही जागा नव्हती. १९७५ ते १९७७ या काळात चित्रे ज्या इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅमचे निमंत्रित लेखक होते, तो आयोवाचाच. पॉल एंगल आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या चिनी कादंबरीकार हुआलिंग न्ये यांनी तो १९६७ मध्ये सुरू केला होता.

मुंबई विद्यापीठ चित्र्यांच्या कवितेला जागा देऊ शकत नव्हतं, याचं कारण त्याच्या जन्मात आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं स्थापन झाली ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने घ्यायची ती परीक्षा. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, म्हणजे या पद्धतीतूनही माणसं मोठी झाली. इंग्रजी साहित्याने मराठी मनात केवढी खळबळ उडवली, याचीही साक्ष आहे: आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' १८८३ मध्ये केलं, देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचलं. पण या कामांची जागा परीक्षेच्या दालनाबाहेर होती. आतल्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिका लिहायची, ती दूरच्या कुणी अनोळखी परीक्षकाने तपासायची आणि काही काळाने ती रद्दीत जायची. तीन वर्षं साहित्य शिकलेल्या मुलाच्या हातचं एक पानही कॉलेजच्या ग्रंथालयात राहत नसे.

आता ही व्यवस्था बदलते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा दिला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध असतो. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत या आराखड्यानुसार अभ्यासक्रम सुरू झाले आहेत. लॉरींनी जी मर्यादा झुगारली, ती इथे आहे. ७५ टक्क्यांखालच्या मुलाचं काय, हा प्रश्न उरतोच. आराखडा बोलतो तो संशोधनाची भाषा, त्यामुळे कथा-कविता-अनुवाद यांना दार उघडायचं काम अभ्यास मंडळांना स्वतःहून करावं लागेल. सीशोर यांनी ते शंभर वर्षांपूर्वी केलं आणि कुठलंही विद्यापीठ त्याने खालावलं नाही.

प्रकल्प नावाची वस्तू इथल्या मुलांना नवी नाही. मुंबईत व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी तिचं नाव 'ब्लॅक बुक' आहे: काळं कडक पुठ्ठ्याचं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत ती कधी कधी तयार मजकुरासह मिळते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. एका शिक्षकाकडे चाळीस-पन्नास प्रकल्प सोपवले की त्याला विषय मंजूर करायला आणि सही करायला जेमतेम वेळ मिळतो. रीडचं काय, वूस्टरचं काय, जिथे ही प्रथा टिकली तिथे दर आठवड्याला एका विद्यार्थ्यासमोर एक शिक्षक बसला, त्याने पान वाचलं, समासात लिहिलं आणि पुढच्या आठवड्याला तेच पान पुन्हा मागितलं. त्या तासाचा पगार संस्थेने दिला आणि तो त्याच्या कामाच्या तासांत धरला.

विषयांची तर मराठी मुलखात वाण नाही. विंदा करंदीकर अनेक वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि त्यांनी 'किंग लिअर' मराठीत आणलं. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' त्याच नाटकाच्या सावलीत उभं आहे. दोन्ही शेजारी ठेवून एका प्रवेशाचा अभ्यास लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलीला एका वर्षात करता येईल. जळगावकडची एखादी आजीने सांगितलेली अहिराणी कहाणी शब्दशः उतरवून, तिचं इंग्रजी करून, त्या भाषांतरात काय निसटलं यावर वीस पानं लिहिता येतील. जुन्या गावांतल्या वाचनालयांत पिवळ्या पडलेल्या इंग्रजी कादंबऱ्या कुणी नेल्या, कुणी परत केल्या, याच्या नोंदवह्या असतील तर त्यांच्यावर काम होऊ शकतं. हे प्रबंध झाले की त्यांची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात, क्रमांक घालून, पुढच्या तुकडीच्या हाती लागेल अशा कपाटात ठेवायची तजवीजही पहिल्या वर्षापासूनच करायला हवी.